फ्रिजमागची भिंत

आर्डिसने नवा फ्रिज मागवला तेव्हा तो खरं म्हणजे कोणासाठी, हे फक्त मला माहीत होतं. ऑर्विनला, तिच्या नवऱ्याला, तिने सांगितलं होतं की जुना नीट गार करत नाही. ते खोटं नव्हतं. पण हिवाळा संपला की ती ऑर्विनला उत्तर डकोटात, मायनॉटच्या एका निवासात ठेवणार होती. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांना तिथे सांभाळतात. नाव नोंदवून झालं होतं, फक्त खोली रिकामी व्हायची होती. त्यानंतर ती ट्रेलरमध्ये, गाडीला जोडून ओढायच्या त्यांच्या चाकांवरच्या घरात, एकटी राहणार होती, नदीकाठच्या पार्कमध्ये, जिथे प्रत्येक जागेला विजेचा खांब आहे.

"एकटीला गॅसची भानगड नको गं मर्ना," ती मला म्हणाली होती. "भिंतीमागे रात्रंदिवस ज्योत पेटलेली. त्यापेक्षा साधा घरातला फ्रिज बरा. प्लग लावला की चालू."

आम्ही सगळे हिवाळे दूर दक्षिणेला, क्वार्टझसाइटच्या वाळवंटात काढतो. तिथे ना वीज, ना नळ. त्यामुळे सगळ्यांच्या ट्रेलरमध्ये गॅसच्या ज्योतीवर चालणारे फ्रिज. आर्डिस आणि ऑर्विन, म्हणजे टॉलेफसन नवराबायको, माझ्या शेजारी ट्रेलर लावायचे, मधे फक्त एक पालो वर्दे झाड. माझा नवरा गेला त्या वर्षी ऑर्विनने माझ्या ट्रेलरचं छत स्वतः चढून दुरुस्त करून दिलं होतं. मी पैशांचं विचारलं तर म्हणाला, "ॲपल पाय भाजून दे. आणि आर्डिसला सांगू नकोस, तिच्या पायपेक्षा चांगला झाला तर मला उपाशी ठेवील."

असा माणूस. उत्तरेत वेल्वा नावाच्या गावात आयुष्यभर शाळेची बस चालवलेला. हिमवादळात मुलांना घरोघर सोडताना प्रत्येकाच्या कुत्र्याचं नावसुद्धा तोंडपाठ. तोच माणूस तीन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ते... ते पाहिजे. कॉफी ढवळतात ते." चमचा हा शब्द त्याला सापडत नव्हता. दोघेही हसलो. नंतर हसण्यासारखं काही राहिलं नाही. शर्टाची बटणं वरखाली लागायला लागली. शेगडीचं बटण उघडं टाकून तो फिरायला निघून गेला. दिवसभर टेबलाशी बसून राहायचा, कपाळ हातात धरून. "डोकं दुखतंय" म्हणायचा, आर्डिस गोळी द्यायची, तो घ्यायचा आणि तासाभराने पुन्हा तेच.

उन्हाळ्यात ते दोघं उत्तरेला, मुलीकडे जायचे. तिथे तो थोडा सुधारायचा. कारी, त्यांची मुलगी, म्हणायची, "बाबांना घरची हवा मानवते." मायनॉटच्या डॉक्टरांनी तपासलं तेही उन्हाळ्यातच. त्यांनी सांगितलं, या आजारात असे चढउतार असतात, मनाची तयारी ठेवा. आर्डिसने ठेवली. तिच्यासारखी तयारी कोणाचीच नसेल.

सगळ्यात वाईट म्हणजे रात्री. ऑर्विन उठायचा आणि पांघरूण ओढत बाहेर जायचा. एकदा पहाटे तो कोरड्या ओढ्यात, वाळूवर झोपलेला सापडला. भोवती कोयोटींचे, तिकडच्या रानकोल्ह्यांचे, माग उमटले होते. आर्डिसने दुसऱ्याच दिवशी दाराला आतून, वरच्या बाजूला कडी बसवली आणि तिला कुलूप घातलं. किल्ली गळ्यातल्या दोरीत. मला दाखवत म्हणाली, "काय करू? बांधून तर ठेवता येत नाही." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, केवढी सोशीक आहे ही.

जानेवारीत रूडी एस्कलांते नवा फ्रिज घेऊन आला. वाळवंटात तो चालणार नव्हता, बसवून झाला की ट्रेलर लगेच नदीकाठच्या पार्कात हलवायचा होता. रूडी गावातलाच, ट्रेलर दुरुस्त करणारा, तोंडाने सतत चालू. नवा फ्रिज पांढराशुभ्र, भाड्याच्या घरात असतो तसा, आणि दारातून आत जाईना. मग स्वयंपाकघराची मोठी खिडकी चौकटीसकट काढायची ठरलं.

"मॅडम, मला नेहमी प्रश्न पडतो," रूडी स्क्रू काढता काढता म्हणाला, "हे लोक आधी ट्रेलर बांधतात की आधी फ्रिज ठेवून भोवती ट्रेलर शिवतात?"

"शिवणकामाचं मला सांगू नकोस," आर्डिस म्हणाली. "तू उसवतोयस तेवढं पुन्हा शिवून दे म्हणजे झालं."

ऑर्विन बाहेर घडीच्या खुर्चीत बसला होता. गुडघ्यांवर हात, नजर डोंगराकडे.

"काय साहेब, येताय का मदतीला?" रूडीने हाक मारली.

ऑर्विनने वळून पाहिलं. "सगळी मुलं चढली का?"

"चढली, चढली," रूडी म्हणाला. चांगला मुलगा आहे. "एकसुद्धा राहिलं नाही."

आर्डिस माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आज हे असं आहे बघ."

रूडीने बाहेर सिलिंडर बंद केला, फ्रिजकडे जाणारी नळी सोडवली, तिच्या तोंडावर बूच बसवलं. आतले स्क्रू निघाले. खाली जुनी गोधडी अंथरली. मी एका बाजूने, आर्डिस दुसऱ्या बाजूने, आणि रूडी समोरून ओढायला. फ्रिज आधी हललाच नाही. मग करकरला आणि एकदम पुढे आला. पाठोपाठ काळी भुकटी जमिनीवर सांडली, चुलीतली राख सांडावी तशी.

"थांबा," रूडी म्हणाला.

फ्रिज बाजूला झाला आणि आम्ही तिघांनी मागची भिंत पाहिली. भिंत कसली, कोळसा. प्लायवूड खालपासून वरपर्यंत काळंठिक्कर. मधे भेगा पडून मगरीच्या पाठीसारखे खवले झालेले. रूडीने बोट लावलं तर बोटाएवढं भोक पडलं. नंतर त्याने स्पॅनिशमध्ये शिवी हासडली आणि आर्डिसची माफीही मागितली नाही.

"हे... पेटलं होतं?" मी विचारलं.

"पेटत होतं," तो म्हणाला. "हळूहळू. कधीचं, देव जाणे. मी असं पाहिलं नाही कधी. जळालेले ट्रेलर पाहिलेत, पण मग त्यात काही उरत नाही." त्याचा चेहरा उतरला होता. तो दोन पावलं मागे सरला.

आर्डिस पुढे सरली. ती त्या भिंतीकडे पाहत होती आणि तिचा हात गळ्याशी गेला होता. "नाताळात कारीची पोरं इथे झोपली होती," ती म्हणाली. "या इथे. या फ्रिजला पाय लावून."

आम्ही सगळे आगीचाच विचार करत होतो. आग लागली असती, थोडक्यात वाचलो, एवढंच डोक्यात. रूडी खाली वाकून विजेरीने वरच्या पोकळीत पाहायला लागला. ज्योतीचा धूर त्या पोकळीतून वर, छताच्या झरोक्यातून बाहेर जातो.

"मातीने भरलंय," तो म्हणाला. "कुंभारीण माश्यांची घरटी. ही बघा, एकावर एक, पार छतापर्यंत. धुराला वाटच नाही."

"मग धूर कुठे जायचा?" आर्डिसने विचारलं.

तिने सहज विचारलं. रूडीने विजेरी शेजारच्या कपाटाच्या फळीवर धरली.

आर्डिस फ्रिजशेजारचं कपड्यांचं कपाट उघडून आत शिरली. ऑर्विनचे शर्ट एका बाजूला सारले. सगळ्यात मागचा शर्ट पाठीवर तपकिरी पडला होता, इस्त्री जास्त वेळ राहिल्यासारखा. त्यामागे फळीला हात जाईल एवढी फट, आणि फटीतून पलीकडे रूडीच्या विजेरीचा उजेड दिसत होता. कपाटाची दुसरी बाजू झोपायच्या खोलीत उघडते. तिथे दाराऐवजी पडदा. पडद्याला लागून ऑर्विनची उशी.

आर्डिस स्वतः त्या खोलीत झोपत नव्हती. ऑर्विन घोरतो म्हणून ती पुढे, कोचावर, उघड्या खिडकीखाली झोपायची. दिवसभर ती बाहेरच. ग्रंथालयात मदत, बायकांची शिवणमंडळी, माझ्याकडे चहा. आत असायचा तो. रात्री उशीवर आणि दिवसा टेबलाशी, फ्रिजच्या समोर.

रूडीने जमिनीलगतचं विषारी वायूचं धोक्याचं यंत्र भिंतीवरून काढलं. त्याचा हिरवा दिवा छान लागलेला होता. त्याने ते उलटं केलं, मागचं वाचलं आणि मला दाखवलं. त्याची मुदत कधीच संपली होती. दिवा तेवढा लागत होता, बाकी यंत्र मेलेलं होतं.

"मर्ना," आर्डिस कपाटातूनच म्हणाली. आवाज असा की मला आधी ओळखूच आला नाही. "गाडी काढ."

नदीपलीकडच्या गावातल्या दवाखान्यात आम्ही ऑर्विनला नेलं. तिथली तरुण डॉक्टरीण आधी आर्डिसचं ऐकून घेत होती, मग लिहायचं थांबली, मग उठून स्वतःच रक्त काढायला गेली. परत आली ती घाईघाईने. ऑर्विनच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क लावला. म्हणाली, सकाळपासून उघड्यावर असूनही यांच्या रक्तात धुरातला कार्बन मोनॉक्साइड, मेंदूला घातक तो वायू, इतका आहे, तर रात्री किती असेल याची कल्पना करवत नाही. आर्डिसचंही रक्त घेतलं. तिच्यातही निघाला, थोडा.

"किती दिवसांपासून चाललंय हे?"

"तीन हिवाळे," आर्डिस म्हणाली.

डॉक्टरीण खुर्चीत बसली.

"म्हणजे त्याला तो आजार नाहीच?" आर्डिसने विचारलं.

"तसं मी आज सांगू शकत नाही. काही भरून येईल. किती, ते बघावं लागेल."

त्यांनी ऑर्विनला फिनिक्सच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. इकडे रूडीने जळकी भिंत काढून नवी बसवली, झरोके बंद केले, नवा फ्रिज आत ठेवला, खिडकी लावली आणि ट्रेलर नदीकाठच्या पार्कात नेऊन उभा केला. ऑर्विन परतला तेव्हा सगळं तयार होतं.

पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "हा फ्रिज फार बोलतो," आणि आर्डिसने मला फोन करून रडत रडत सांगितलं की त्याने फ्रिज हा शब्द बरोबर वापरला. त्यानंतर रोज काहीतरी परत यायला लागलं. बटणं नीट लागायला लागली. पत्त्यांमध्ये तो मला हरवायला लागला आणि मी लबाडी करते असा आरोप करायला लागला, जो खरा होता. डोकेदुखी गेली. आर्डिस एखाद्या नवरीसारखी त्याच्या मागेपुढे करायची. पण मधेच, तो बोलत असताना, ती त्याच्याकडे अशी पाहायची की जणू मेलेला माणूस उठून जेवायला बसलाय. आनंद होता, पण आधी धक्काच होता. तो उतरतच नव्हता.

मायनॉटच्या निवासाला नाव काढायला सांगायचं ती विसरली. कोणाच्या लक्षात राहणार होतं?

त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. आर्डिस रस्सा ढवळत होती. फोन वाजला, ऑर्विन जवळ होता, त्याने उचलला.

"हो, बोलतोय... खोली? कोणासाठी?... ऑर्विन टॉलेफसन. हो. मीच तो... नाही, नाही, माझी बायको इथेच आहे. मी सांगतो तिला."

त्याने फोन ठेवला. आर्डिसचा डाव भांड्यातच थांबला होता.

"माझ्यासाठी खोली रिकामी झाली म्हणे," तो म्हणाला. "दक्षिणेकडची. ऊन भरपूर येतं."

"ऑर्विन, मी..."

"कोण गेलं, विचारायला हवं होतं. खोली रिकामी झाली म्हणजे कोणीतरी गेलं असणार. सुचलं नाही वेळेवर."

"मी रद्द करणार होते रे. देवाशपथ. आधी ठरवलं होतं, तेव्हा तू..."

"मला माहीत आहे ठरवलं होतंस ते," ऑर्विन म्हणाला. "तू कारीला फोनवर सांगत होतीस. मी समोरच बसलो होतो."

आर्डिस वळली. "तुला ऐकू येत होतं?"

"कानांना काय झालं होतं?"

"पण तू... तू तर काहीच..."

"तू म्हणालीस, ऑर्विन कधीच गेला, मागे नुसता त्याचा कोट उरलाय. वाक्य चांगलं होतं. मला वाटलं काहीतरी बोलावं. शब्द मिळेनात. मिळाले तोवर तू फोन ठेवला होतास."

मी उठून जावं म्हणून खुर्ची मागे सारली. ऑर्विन माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बस मर्ना. तुलाही माहीत होतं ना." मी बसले.

रस्सा खाली लागायला लागला. मीच उठून शेगडी बंद केली.

"आणि ते कुलूप," तो म्हणाला.

आर्डिसने दोन्ही हात ओट्यावर टेकवले. तिला ते ऐकायचं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं, आणि ऐकल्याशिवाय सुटका नाही हेही.

"आत पडलो की छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. बाहेर गेलं की बरं वाटायचं. का ते कळत नव्हतं. नाव, वार, काही कळत नव्हतं. एवढं एकच कळत होतं, की बाहेर जायचं." तो सावकाश बोलत होता, एकेक शब्द तपासून ठेवल्यासारखा. "मी दार वाजवायचो. तू उठून यायचीस. म्हणायचीस, झोप राजा, सकाळी जाऊ. पुन्हा उशीवर नेऊन निजवायचीस. पांघरूण घालायचीस. किती मायेने करायचीस तू ते, आर्डिस. तेच मला सगळ्यात..."

तो थांबला. शब्द सापडला नाही की सापडूनही बोलला नाही, मला आजही सांगता येणार नाही.

"मला माहीत नव्हतं रे," आर्डिस म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मग मी काय करू? सांग ना. काय करू मी?"

"मला काय माहीत?" ऑर्विन म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्यालाही खरंच माहीत नव्हतं. तो उठला, टोपी घातली आणि नदीकडे चालत गेला. दार उघडंच राहिलं. आर्डिस त्या उघड्या दाराकडे बघत राहिली, ऊन आत आलं तरी.

तिला सांगण्यासारख्या पुष्कळ गोष्टी मला सुचल्या. तुझी चूक नाही. कोणीही असंच केलं असतं. सगळ्या खऱ्या होत्या. मी करपलेलं भांडं उचलून सिंकमध्ये ठेवलं. तीच म्हणाली, "मी त्याला दारातून परत तिथेच नेत होते, मर्ना. दर वेळी. हाताला धरून."

एप्रिलमध्ये कारी आली आणि गाडी चालवत दोघांना उत्तरेला घेऊन गेली, ट्रेलर पार्कातच राहिला. उन्हाळाभर मला आर्डिसचे फोन यायचे. कधी म्हणायची, तो बोलतो. कधी म्हणायची, तो नुसता हो-नाही करतो. एकदा म्हणाली, तो मुलीकडे राहतो म्हणतोय, मी एकटीच येईन बहुतेक. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं होतं. जे परत यायचं होतं ते बहुतेक आलं, काही शब्द आणि काही नावं कायमची गेली.

ऑक्टोबरात पार्कात मी माझा ट्रेलर त्यांच्या शेजारच्या जागेवर आणला होता. एका दुपारी त्यांची पिकअप आली. चालवत होता ऑर्विन. मी धावतच गेले.

"परवाना दिला तुला?"

"परीक्षा घेऊन दिला. तपासणारा माझ्याच बसमधून शाळेला जायचा. मी त्याला म्हटलं, तुझं नाव आठवत नाही, पण तू मागच्या सीटवर च्युइंगम चिकटवायचास." तो खाली उतरला. "ही रस्ताभर ओरडत होती, हळू, हळू. मी म्हटलं, मग उतर आणि बसने ये."

आर्डिस पलीकडून उतरली. बारीक झाली होती. तिने मला घट्ट मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "आला गं तो."

संध्याकाळी मी आणि ऑर्विन बाहेर बसलो होतो. ती आत होती.

"मला तिचा राग येत नाही असं समजू नकोस," तो आपणहून म्हणाला. "रोज सकाळी येतो. जाग आली की पहिला तोच. दुपारपर्यंत उतरतो."

"आणि तिला माहीत आहे?"

"बघते ना ती माझ्याकडे सकाळी. दुपारपर्यंत माझ्याशी बोलत नाही. मग विचारते, जेवायला काय करू." त्याने खांदे उडवले. "मी सांगतो. असं चाललंय."

आर्डिस आतून आइस्क्रीमचा डबा आणि तीन वाट्या घेऊन आली. गॅसच्या फ्रिजमध्ये वाळवंटात आमचं आइस्क्रीम कधी टिकलंच नव्हतं, सगळ्यांचं पातळ होऊन जायचं. हे दगडासारखं घट्ट होतं. ऑर्विनने त्यात... ते खुपसलं, त्याच्याच शब्दांत कॉफी ढवळतात ते, आणि जोर लावला. ते वाकलं. आर्डिस हसली, मग घाबरून थांबली आणि त्याच्याकडे पाहू लागली. तो वाकलेल्या दांड्याकडे बघत होता.

"थांबू थोडा वेळ," तो म्हणाला. "बाहेर ऊब आहे. होईल मऊ."